उजवीकडचं वळण

त्या सकाळी विसोका डोंगरावर धुकं इतकं दाट होतं, की लिफ्टच्या तारेवरून खाली येणारे लोखंडी आकडे पार नाकासमोर आल्यावरच दिसत. एकेका आकड्याला दोघांनी पाठ टेकायची आणि उभ्या उभ्या, पायांतल्या स्कीवर घसरत, वर ओढलं जायचं. गर्दीच्या वेळी लिफ्टवाला एकट्याला सोडत नसे. ब्रिना एकटीच होती. तिच्या शेजारी येऊन उभा राहिला तो एक उंच, चष्मेवाला तरुण. पाठीवर भलीमोठी बॅग, आणि चेहऱ्यावर परीक्षेला चुकीच्या वर्गात येऊन बसल्यासारखा भाव.

“तुम्ही एकट्याच का?” त्याने विचारलं.

“हो. या.”

आकडा आला. ब्रिना टेकली. आणि तो... तो चक्क बसला.

“बसू नका, नुसतं टेका —”

तोवर आकडा त्याच्या वजनाने खाली गेला होता. त्याचे पाय पुढे गेले, त्याची एक स्की तिच्या दोन्ही स्कींमध्ये शिरली, त्याने आधाराला जे हाताला लागलं ते धरलं — ती तिची बाही होती — आणि दोघंही बर्फात आडवी झाली.

लिफ्टवाल्याने लिफ्ट थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ब्रिना, चार वर्षांची होतीस तेव्हापासून बघतोय तुला. इथे पडलेली आज पहिल्यांदा पाहिली.”

ब्रिनाने तोंडातला बर्फ थुंकला. तो तरुण स्वतःला सोडून बॅगच चाचपत होता.

“काय आहे त्यात? अंडी?”

“अंडी परवडली असती. सेन्सर आहेत.” त्याने एक काढून दाखवला. काड्यापेटीएवढा काळा तुकडा. “चांगलं स्कीइंग करणाऱ्यांच्या अंगावर बांधायचे. पाय कुठे किती कलला, किती वळला, सगळं टिपून ठेवतात. मग त्यांचं कुठे चुकतं ते सांगता येतं.”

“आणि तुमचं कुठे चुकतं, ते कोण सांगणार?”

“ते आत्ताच एका बाईंनी सांगितलं,” तो नाकावर चष्मा सरळ करत म्हणाला. “टेकायचं. बसायचं नाही.”

ब्रिनाला हसायचं नव्हतं. पण हसू आलं.

अर्ध्या तासाने प्रशिक्षकांच्या लाकडी खोलीत पोल्देने त्याची ओळख करून दिली. पोल्दे म्हणजे साठी उलटलेला, गुडघ्यांपेक्षा आवाज मजबूत असलेला ब्रिनाचा प्रशिक्षक. “हा लेनार्ट. राजधानीतून, लुब्लियानाच्या क्रीडा संस्थेतून आलाय. निवड शर्यतीपर्यंत, म्हणजे दहा दिवस, तुला मोजणार आहे. निवड समितीला तुझ्या पायाचा अहवाल हवाय.”

“माझा पाय ठीक आहे,” ब्रिना म्हणाली.

“मग अहवालही ठीक येईल.”

सव्वीस वर्षांच्या ब्रिनाचं सगळं निवड शर्यतीच्या शनिवारावर टांगलेलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ऑस्ट्रियातल्या एका शर्यतीत, बर्फाळ उतारावर, उजवीकडे वळताना तिच्या डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. मग कुबड्या, मग सायकल, मग पुन्हा स्की. आता निवड शर्यतीत पहिल्या चार जणींत आली तर राष्ट्रीय संघात परत. नाही आली, तर डोंगरमाथ्यावर आई चालवते त्या उपाहारगृहात कायमची सूप वाढायला मोकळी.

लेनार्टने पट्टे काढले. नडगीवर एकेक, मांडीवर एकेक, एक कमरेवर, एक छातीवर. प्रत्येक वेळी तो विचारत होता, “बांधू?” आणि ती हो म्हणेपर्यंत थांबत होता. डाव्या गुडघ्यापाशी आला तेव्हा पातळ विजारीतून तो लांबट व्रण उमटून दिसत होता. त्याची बोटं क्षणभर थबकली.

“विचारा की,” ब्रिना म्हणाली.

“काय?”

“सगळे विचारतात ते. दुखतं का.”

“दुखतं का?”

“नाही.”

उत्तर जरा जास्तच लवकर आलं, हे तिचं तिलाच जाणवलं. त्याने नुसती मान हलवली आणि पट्टा घट्ट केला. बोटं गार होती, पण हात हलका होता... नको इतकं लक्ष गेलं तिचं तिकडे.

मग रोजचा क्रमच पडला. सकाळी ती लाल-निळ्या काठ्यांच्या फाटकांमधून वळणं घेत खाली येई. तो तळाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन, टोपी कानावर ओढून बसे. दुपारी सराव संपला की माथ्यावरच्या उपाहारगृहात आईच्या हातचं आंबट कोबी आणि घेवड्याचं सूप. आईने पहिल्याच दिवशी त्याच्या ताटात न मागता सॉसेज वाढलं होतं.

“आई, तो मोजायला आलाय, जेवायला नाही.”

“मोजू दे की. माझं सूपही मोजू दे,” आई म्हणाली आणि त्याला आणखी एक डाव वाढला.

तिसऱ्या दिवशी ब्रिनाच म्हणाली, “दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढता. तुम्हाला स्वतःला उतरता येत नाही, याची लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणून तर खाली बसून असतो.”

“सराव झाल्यावर एक तास मी शिकवीन. बदल्यात मला लॅपटॉपवरचे ते आलेख समजावून सांगायचे.”

मग दुपारी, सोप्या उतारावर, शिकवणी सुरू झाली. अंगावरचे सेन्सर काढायचा तिला कंटाळा येई. ते तसेच राहत. ती उलटी घसरत त्याच्या पुढे जाई, दोन्ही हात पसरून. “टोकं जवळ, टाचा लांब. पाचरीसारखं. पाचर करा, पाचर... अहो, ती पाचर नाही, ते काटकोन आहेत.”

“भूमितीत काटकोनाला मान असतो.”

“बर्फावर नसतो.”

तो पडे, उठे, चष्मा पुसे, पुन्हा पडे. पण कुरकुर नाही की बढाई नाही. ब्रिनाने आजवर जे पुरुष बर्फावर पाहिले, ते सगळे पडल्यावर बर्फाला दोष देणारे होते. हा पडल्यावर विचारात पडे. “वजन मागे गेलं होतं माझं,” असं आकाशाकडे बघत, उताणाच, गंभीरपणे सांगे. तिला मग हसू आवरत नसे. रात्री झोपताना तिच्या लक्षात येई, की दिवसभरात आपण गुडघ्याचा विचार न केलेला तो एकच तास होता.

पाचव्या दिवशी दुपारी दक्षिणेचा उबदार वारा सुटला. बर्फ वरून भिजला आणि ऊन कलताच गोठून काचेसारखा झाला. “आज इथेच थांबू,” असं ब्रिना म्हणते न म्हणते, तोच लेनार्टच्या पाचरीची टोकं सुटली. तो सरळ निघाला. सोप्या उताराच्या कडेला एक वळण होतं. ते चुकलं की पुढे शर्यतीचा खडा उतार, आणि त्याच्या कडेला स्प्रूसची झाडं.

“बसा खाली, पडा —” ती ओरडली. त्याला ऐकू गेलं नाही.

ब्रिनाने विचार केला नाही. हातातल्या काठ्या टाकून ती सुटली. खड्या उतारावर तो लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठ चालला होता, झाडांच्या दिशेने. ती त्याच्या डावीकडून पुढे गेली, उजवीकडे कचकन वळली, पुन्हा एकदा वळली, आणि त्याच्या पुढ्यात आडवी येऊन तिने त्याला खांद्यानेच अडवलं. दोघं घरंगळत झाडांच्या अलीकडे, मऊ बर्फात जाऊन थांबली.

ब्रिनाच आधी उठून बसली.

“तू वेडा आहेस का?” ती त्याच्या कॉलरला धरून म्हणाली. “झाडावर गेला असतास. काय सांगितलं होतं मी तुला? थांबता येत नसेल तर पड. पडता तरी येतं ना तुला? त्यात तर तू पटाईत आहेस.”

त्याच्या पापण्यांवर बर्फ होता. चष्मा कुठेतरी गेला होता. चष्म्याशिवाय त्याचे डोळे भलतेच... मऊ दिसत होते.

“तुम्ही मला ‘तू’ म्हणालात,” तो म्हणाला.

तिने कॉलर सोडली. “घाईत निघालं.”

“परत घेऊ नका. नको घेऊस.”

वर उपाहारगृहात आईने त्यांची ओली ध्यानं पाहिली आणि काही न विचारता ब्लूबेरीच्या घरगुती दारूचे दोन इवलेसे पेले ठेवले. तिकडची रीतच आहे, ‘तुम्ही’चं ‘तू’ करायचं तर पेला लावून करायचं. दोघांनी पेले टेकवले. ब्रिना खिडकीबाहेर बघत राहिली, आणि आई मुद्दाम आत जाऊन भांडी घासत राहिली.

त्यानंतर लेनार्ट जरा गप्प झाला.

आलेख समजावून सांगायचे टाळू लागला. “अजून जुळवाजुळव चाललीये,” म्हणे. ब्रिनाला वाटलं, आपण काही बोललो का? की त्याला लुब्लियानाला कुणी... तिने आरशात उगाच केस दोनदा बांधले, स्वतःवरच चिडली आणि बुधवारी संध्याकाळी सरळ प्रशिक्षकांच्या खोलीत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“दाखव.”

“ब्रिना, शनिवारनंतर...”

“शनिवारसाठीच तर हवंय. दाखव.”

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. डावीकडच्या वळणांची निळी, उजवीकडच्यांची लाल. निळी भरदार, उंच. लाल तिच्याहून ठेंगणी, आणि थोडी उशिरा उठणारी. प्रत्येक फेरीत.

“उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या पायावर यायला हवा,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझी डावी स्की तेव्हा पुरती कलतच नाही. आणि वळण सुरू करायच्या आधी तू थांबतेस. डोळ्यांना न कळेल इतकंच. पण प्रत्येक वळणाला.”

“पट्टे सैल असतील.”

“तीनदा तपासले.”

“कधी कळलं तुला हे?”

तो लॅपटॉपची वायर गुंडाळू लागला.

“लेनार्ट, कधी कळलं?”

“रविवारी.”

“रविवारी.” ती एकेक शब्द मोजून बोलत होती. “म्हणजे तीन दिवस माझ्या आईच्या हातचं सूप पीत बसलास, माझ्याशी पाचर-पाचर खेळलास, आणि पोटात हे ठेवलंस?”

“तुझा चेहरा उतरलेला बघायची हिंमत झाली नाही.”

“माझ्या चेहऱ्याची काळजी करायला तुला बोलावलं नव्हतं.” तिने कमरेचा पट्टा ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला. “तीन दिवस मिळाले असते मला. तीन दिवस.”

दार आपटून ती बाहेर पडली. रडू यायला लागलं ते पार्किंगपर्यंत पोचल्यावर.

गुरुवार वाईट गेला. बुधवारपर्यंत निदान माहीत तरी नव्हतं; आता प्रत्येक उजव्या वळणाआधी ती स्वतःलाच बघत होती — आता थांबले, आता कमी कलले. दोनदा फाटक चुकलं. “झालंय काय तुला?” पोल्दे खेकसला. ती पुन्हा लिफ्टकडे वळली. तळाशी लेनार्टची खुर्ची रिकामी होती. ती नको तितक्या वेळा तिकडे बघत होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.

शुक्रवारी सकाळी शर्यतीच्या उताराच्या माथ्यावर, सुरुवातीच्या छपराखाली ती एकटीच बसली होती. खालून कुणीतरी येताना दिसलं. सोप्या उतारावरून तिरकं, पाऊल-पाऊल आडवं टाकत, स्कीवर. मध्येच पडत. पुन्हा उठत. जवळ आला तेव्हा तो कमरेपर्यंत पांढरा झाला होता आणि जॅकेटच्या आत त्याने लॅपटॉप पोटाशी धरला होता.

“इथपर्यंत कसा आलास?”

“बहुतांशी उभ्याने,” लेनार्ट धापा टाकत म्हणाला. “मला हाकलून दे. पण पाच मिनिटांनी.”

ती सरकली. जागा झाली. तो टेकला.

“मी चुकलो. तीन दिवस तुझे होते, ते मी खाल्ले. त्याला काही सबब नाही.” त्याने लॅपटॉप उघडला. “पण दुसरीही एक चूक केली. मी फक्त सकाळच्या सरावाच्या नोंदी बघत होतो. दुपारी तू मला शिकवायचीस, तेव्हाही सेन्सर अंगावर असायचे. काल रात्रभर बसून त्या नोंदी काढल्या.”

“त्या सोप्या उतारावरच्या? त्या वेगाला माझी आजीसुद्धा दोन्ही पायांवर सारखी वळेल.”

“हो. त्यांना काही अर्थ नाही. पण ही बघ.” त्याने बोट ठेवलं. लाल रेषा एकदम उसळून वर गेलेली, निळीच्याही वर. “सोमवार, दुपारी पावणेतीन. शर्यतीचा वेग. गोठलेला उतार. उजवीकडे दोन वळणं, पूर्ण भार डाव्या पायावर. थांबणं नाही, कचरणं नाही. तुझ्या आजवरच्या नोंदींतली सगळ्यात चांगली दोन वळणं ही आहेत.”

ब्रिना त्या रेषेकडे बघत राहिली.

“मी तुला धरायला येत होते,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“गुडघ्याचा विचारच नव्हता.”

“तेच सांगायला आलोय. गुडघा पेलतो, ब्रिना. नुसता पेलत नाही, उत्तम पेलतो. तो सांगतोय तुला कधीपासून, तूच ऐकत नाहीयेस. भीती वाटणं चूक नाही. पण ती पायात नाहीये.”

वारा पडला होता. दूरवर गावातल्या चर्चची घंटा वाजली. ब्रिनाने हातमोजा काढून स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. कितीतरी महिन्यांनी, न तपासता, नुसताच.

“पाच मिनिटं झाली,” लेनार्ट म्हणाला.

“झाली. खाली कसा जाणार आहेस?”

“त्याचा विचार केला नव्हता.”

ती उठली. त्याला खाली नेताना सगळा उतार त्याच्या पुढे, उलटी, हात पसरून गेली.

शनिवारी ऊन होतं. ब्रिनाने अंगावर एकही सेन्सर लावला नाही. पहिल्या फेरीत ती सहावी आली. वळणं बरी होती, पण सांभाळून घेतलेली. दुसऱ्या फेरीच्या आधी पोल्दे तिच्या खांद्यावर थापटत म्हणाला, “आता मला काही शिकवायचं उरलं नाही. जा.”

ती गेली. वरचा भाग सरळसोट. मग सावलीतला खडा टप्पा, जिथे बर्फ निळसर दिसतो. तिथे एकाआड एक चार फाटकं उजवीकडची. पहिल्याच्या आधी भीती आली. ती आली, हे तिला कळलं. येऊ दे, असं मनाशी म्हणत ती डाव्या पायावर कलली, पूर्ण, मांडी जळेपर्यंत, आणि स्कीची धार बर्फात सुरीसारखी रुतली. दुसरं. तिसरं. चौथ्याला ती ओरडत होती, हे तिला नंतर लोकांनी सांगितलं.

एकूण वेळेत चौथी. पाचवीपेक्षा तीन शतांश सेकंदांनी पुढे.

आईने तिला इतकं घट्ट धरलं की हेल्मेट आईच्या हनुवटीला लागलं. पोल्दे नाक शिंकरत दुसरीकडे बघत होता. गर्दीत ब्रिना एकच उंच टोपी शोधत होती. ती कुठेच नव्हती.

“कुठे आहे तो?”

“कोण, तो मापणारा?” पोल्देने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “त्याच्या संस्थेचं पत्र आलंय. तुझ्या नोंदी यापुढे दुसरं कुणीतरी तपासणार म्हणे. त्याने स्वतःच अर्ज केलाय. काय केलंस त्या पोराला?”

ब्रिनाने कागद उलगडला. चार ओळींचं पत्र. ‘कारण’ या शब्दापुढची ओळ तिने दोनदा वाचली. मग स्कीचे बूट न काढताच, खडखड करत ती पार्किंगकडे निघाली.

लेनार्ट गाडीच्या मागच्या दारापाशी सेन्सर डब्यात भरत होता.

“शर्यत पाहिलीस?”

“पाहिली. कुंपणापलीकडून. मोजायचं नव्हतं, तर हातांचं काय करावं ते कळेना.” तो हसला, पण तिच्याकडे बघेना. “शेवटचं वळण... फार सुंदर होतं.”

“आणि हे काय आहे?”

त्याने कागद ओळखला. कान लाल झाले. “पोल्देंनी दाखवायला नको होतं.”

“‘मापन करणारा या खेळाडूबाबत तटस्थ राहिलेला नाही.’” तिने वाचून दाखवलं. “हे संस्थेच्या भाषेत झालं. माणसांच्या भाषेत सांग.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा काढला.

“तू डोंगरावरून खाली येतेस तेव्हा मला आधी तू दिसतेस, वळण मागाहून. चूक दिसली, तर ती सांगताना घसा दाटतो. तीन दिवस दाटला होता, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. असा माणूस मोजायच्या कामाचा नाही. म्हणून...” तो थांबला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर, ब्रिना. अर्ज बुधवारी सकाळीच पाठवला होता. भांडणाच्या आधी.”

“म्हणजे संस्थेला माझ्या आधी कळलं?”

“नियम असा आहे, की... हो.”

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं की आठवड्याभराचं, हे तिला सांगता आलं नसतं. मग ती गंभीर झाली.

“सोमवारी सकाळी संघाची बस आहे. मार्चपर्यंत मी येणार नाही.”

“माहीत आहे.”

“मला चूक सांगणारा माणूस हवाय. तोंडावर, त्याच दिवशी. घसा दाटला तरी.”

“सांगेन.”

“मग सांग. आत्ता माझं काही चुकतंय?”

लेनार्टने तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच, घाई न करता. “एक,” तो म्हणाला. “मी बोललो. तू अजून काही बोलली नाहीस.”

ब्रिनाने त्याच्या हातातला चष्मा काढून घेतला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि बुटांच्या टोकांवर उंच झाली. तिला जे म्हणायचं होतं ते तिने त्याच्या कानात सांगितलं, मग गालावर, मग ओठांवर. शेजारून जाणाऱ्या गाडीने मोठ्याने हॉर्न वाजवला. दोघंही हलली नाहीत.

“चल,” ती जरा वेळाने म्हणाली. “आईला सांगायचंय. ती म्हणेल, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तुला बळेच खायला घालेल. तू मुकाट्याने खा.”

“चष्मा दे. दिसत नाहीये.”

“हात धर.”

त्याने हात धरला. सोमवार उजाडायला अजून एक अख्खा रविवार होता.